गिऱ्हाईक कशासाठी पैसे मोजतं? पुण्यात पहिला व्यवसाय करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

पुण्यातल्या बऱ्याच कॉलेजांत आता उद्योजकतेचा एखादा विषय किंवा निदान एखादा कक्ष असतो. मी असाच एक अभ्यासक्रम शिकवते. नवी बॅच वर्गात येते तेव्हा बहुतेक गटांचं अ‍ॅपचं नाव ठरलेलं असतं, लोगो झालेला असतो, इन्स्टाग्रामचं पानही सुरू असतं. उत्साह खरा असतो आणि तो मला मनापासून आवडतो. पण हे नेमकं कोण विकत घेणार आणि तो माणूस आज त्याशिवाय कसं भागवतो, हे विचारलं की वर्ग शांत होतो.

या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत कसं पोचायचं, ते या लेखात सांगते. कर्ज, गुंतवणूकदार, भागीदारीचे करार हे सगळं नंतरचं. इथे जे काम आहे त्याला एक वही, थोडी पायपीट आणि खिशातले दोन-तीन हजार रुपये पुरतात.

मोल, दर आणि खर्च वेगळे धरा

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या दुकानात जा. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचं एखादं पुस्तक हातात घ्या. समजा दुकानदाराने ते 120 रुपयांना विकत घेतलं. भाडं, माणसाचा पगार धरून ते त्याला 150 ला पडलं. हा खर्च. तो ते 220 ला देतो. हा दर. मोल या दोन्हींहून वेगळं असतं आणि ते दुकानात ठरत नाही.

सेमिस्टर सुरू होताना त्या पुस्तकाकडे फारसं कुणी बघत नाही. परीक्षा आठ दिवसांवर आली, लायब्ररीतल्या प्रती बाहेर गेल्या, मित्राने पीडीएफ पाठवली पण मोबाइलवर आकृत्या धड दिसत नाहीत, अशा वेळी त्याच मुलाला ते 220 रुपयांना स्वस्त वाटतं. पुस्तकाचं एक पानही बदललेलं नसतं. बदलते ती वेळ, बदलते त्या मुलाची अडचण आणि बदलतात त्याच्यासमोरचे इतर मार्ग.

म्हणून कुठल्याही कल्पनेपुढे आधी तीन गोष्टी लिहा. कोणाची अडचण, कुठल्या वेळी, आणि त्या वेळी त्याच्याकडे दुसरं काय आहे. ‘आम्ही या यंत्रावर सहा महिने राबलो, म्हणून याचे पाच हजार यायला हवेत’ हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. सहा महिने हा तुमचा खर्च झाला. गिऱ्हाईक त्याच्या सोयीचे पैसे देतं, तुमच्या मेहनतीचे नाही. हे ऐकायला कठोर वाटेल, पण जितक्या लवकर पटेल तितके पैसे वाचतील.

‘सगळे विद्यार्थी’ म्हणजे कुणीच नाही

पुण्यात विद्यार्थी म्हणजे किती तऱ्हेची माणसं! नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, घरून महिन्याला ठरलेली रक्कम येणारा परभणीचा मुलगा. विमाननगरच्या फ्लॅटमध्ये तिघींत राहणारी एमबीएची मुलगी. कोथरूडला आईवडिलांकडे राहून डबा घेऊन कॉलेजला जाणारा. या तिघांची भूक एकच असली तरी जेवणाची अडचण एक नाही.

पहिल्यांदा यातला एकच माणूस निवडा. इतका नेमका की तो संध्याकाळी सात वाजता कुठे सापडेल हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. हा निकष मी वर्गात काटेकोरपणे पाळायला लावते. सात वाजता तो कुठे असतो हे माहीत नसेल, तर तुम्ही त्याच्याशी बोलणार कुठे, त्याला विकणार कुठे?

निवड करताना आणखी एक बघा: त्या माणसापर्यंत तुम्ही सहज पोचू शकता का? ज्याचे वडील भोसरीत वर्कशॉप चालवतात त्याने छोट्या कारखानदारांचे प्रश्न घ्यावेत. जी स्वतः दोन वर्षं पीजीत राहिली आहे तिने पीजीतल्या मुलींचे घ्यावेत. ओळखीतून पहिली दहा दारं उघडतात आणि सुरुवातीला दहा दारं पुष्कळ झाली.

विचारायला जा, सांगायला नको

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जातो. गूगल फॉर्म बनवून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं सोपं असतं. ‘अशी सेवा आली तर वापराल का?’ याला नव्वद टक्के मित्र ‘हो’ म्हणतात, कारण ते मित्र असतात. त्या ‘हो’वर कुणी चूल पेटवू नये.

आमच्या एका गटाने मेसच्या जेवणाला चवीप्रमाणे गुण देणारं अ‍ॅप करायचं ठरवलं होतं. त्यांना फक्त एवढंच सांगितलं, की अ‍ॅपचं नावही न काढता नवी पेठेतल्या मुलांशी जेवणाबद्दल बोलून या. पुढच्या वेळी काय कराल हे विचारायचं नाही. मागच्या वेळी काय केलं तेवढंच विचारायचं. त्यांच्या वहीतला एक संवाद असा होता:

“दादा, काल रात्री कुठे जेवलात?”

“काल रविवार ना. मेस बंद.”

“मग?”

“दुपारी फीस्ट होतं, ते जास्तच खाल्लं. रात्री भुर्जीच्या गाडीवर गेलो. ही गर्दी! परत अभ्यासिकेत येईस्तोवर साडेदहा.”

“आणि त्याच्या आधीच्या रविवारी?”

“केटलमध्ये मॅगी. मालकांना कळलं तर ओरडतात, पण काय करणार.”

“मेसचं जेवण आवडत नाही म्हणून कधी मेस बदललीत?”

“नाही हो. महिन्याचे पैसे आधी भरलेले असतात. आणि खोलीच्या खाली आहे. चव काय, सगळीकडे तीच.”

संवाद नीट वाचा. चवीची तक्रार आहे, पण तिच्यासाठी या मुलाने आजवर काहीच केलेलं नाही. रविवारच्या रात्रीसाठी मात्र तो दर आठवड्याला काहीतरी करतो: पैसे घालवतो, तास-दीड तास घालवतो, मालकाचा ओरडा खायची तयारी ठेवतो. आणखी मुलांशी बोलल्यावर हीच गोष्ट निरनिराळ्या शब्दांत पुढे आली. रविवारी दुपारी गोडाचं जेवण आणि रात्री सुट्टी, ही पुण्यातल्या मेसची जुनी पद्धत. तिच्याबद्दल कुणी तक्रारसुद्धा करत नाही, इतकी ती अंगवळणी पडली आहे. फॉर्ममध्ये ती कधीच आली नसती.

बोलायला जाताना हे प्रश्न कामाला येतात:

– हे शेवटचं कधी झालं? त्या दिवशी काय काय केलंत, पहिल्यापासून सांगाल?
– त्यात सगळ्यात कटकटीचं काय होतं?
– ते टाळायला आधी काही करून पाहिलंत? त्याला किती पैसे गेले?
– ते का सोडून दिलंत?

शेवटचा प्रश्न विसरू नका. सोडून दिलेल्या उपायात बरीच माहिती असते. आणि समोरचा बोलत असताना गप्प राहा. तो थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. चार-पाच सेकंदांनी तो स्वतःच खरं कारण सांगतो.

जोडीने जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. त्याचे शब्द आहेत तसे लिहा. ‘वेळेच्या व्यवस्थापनाची समस्या’ असं लिहू नका, ‘परत येईस्तोवर साडेदहा’ असं लिहा. पुढे जाहिरात करायची वेळ येईल तेव्हा हेच शब्द लागतील. एकाच प्रकारच्या पंधरा-वीस जणांशी बोललात की उत्तरं परत परत तीच यायला लागतात. तोवर थांबू नका.

वेळाही सांभाळा. अभ्यासिकेतली मुलं चहाला बाहेर पडतात तेव्हा गाठा, अभ्यासाच्या तासाला नाही. तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रोडवर दुकानदारांशी बोलायचं तर भवानी व्हायच्या आत जाऊ नका आणि संध्याकाळच्या गर्दीत तर मुळीच नको. सकाळी उशिरा, गिऱ्हाईक तुरळक असतं तेव्हा दोन घटका मिळतात. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. गुरुवारी जाऊन हात हलवत परत येऊ नका. वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘काका, दहा मिनिटं मिळतील का, काही विकायला आलेलो नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि खरंच काही विकू नका.

आज तो कसं भागवतो, ते मोजा

तुमचा प्रतिस्पर्धी दुसरी कंपनीच असते असं नाही. बहुतेक वेळा तो भुर्जीची गाडी असतो, केटल असते, एक्सेलची फाइल असते किंवा ‘चाललंय ते चालू दे’ ही सवय असते. त्यावर होणारा पैसा, वेळ आणि मनस्ताप वहीत तीन रकान्यांत लिहा. तिन्ही रकाने रिकामे राहिले तर ती गरज लोकांच्या तोंडी आहे, त्यांच्या वागण्यात नाही. अशा गरजेवर व्यवसाय उभा राहत नाही.

उलटही होतं. गरज खरी असते, उपायही चांगला असतो आणि तरीही माल खपत नाही. याचं महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचं. 1888 मध्ये बेळगावला सायकलीच्या दुकानापासून त्यांनी सुरुवात केली, पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवायला घेतला. लाकडी नांगरापेक्षा तो खोल जात होता. पण लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत शेतकऱ्यांत होती आणि सुरुवातीचे नांगर विकले जायला फार काळ लागला. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर यात अडाणीपणा नव्हता. नांगर चुकीचा निघाला तर त्याचा अख्खा हंगाम जाणार होता. नफा अंदाजाचा होता आणि धोका घरातल्या धान्याचा. पुढे नांगर शेतात चालताना लोकांनी पाहिला, भीती ओसरली, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

यातून घ्यायचं ते हे: गिऱ्हाइकाला काय मिळेल याच्या शेजारीच, फसलं तर त्याचं काय जाईल हेही लिहा. ते जाणं कमी करणं तुमच्या हातात असतं. एक आठवडा फुकट वापरायला द्या, आवडलं नाही तर पैसे परत द्या, आधी एकाच मशीनवर लावून दाखवा. वस्तूत सुधारणा करण्यापेक्षा हे पुष्कळदा स्वस्तात होतं.

दुसरं उदाहरण पुण्याचंच, आणि ते गरज हुडकण्याचं आहे. पूनावाला कुटुंबाचा घोड्यांचा स्टड फार्म होता. तिथले वय झालेले घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात. घोड्यांच्या रक्तातल्या सीरमपासून तिथे धनुर्वात, सर्पदंश यांवरची औषधं बनत. घोडे आपल्याकडे आहेत आणि औषधांचा तुटवडा आहे, तर औषध आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट सुरू केली. आपल्याजवळ असलेली गोष्ट पुढे कुठे जाते आणि तिथे तिचं काय होतं, एवढा माग काढला तरी नवी गरज दिसू शकते. तुमच्या घरच्या शेतातला, वर्कशॉपमधला, किचनमधला माल कुठे जातो, हे एकदा शेवटपर्यंत बघून या.

वापरणारा एक, पैसे देणारा दुसरा, ठरवणारा तिसरा

बाणेर किंवा कोथरूडच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करणारं यंत्र विकायचं आहे असं धरा. कचरा रहिवाशांचा. यंत्र रोज चालवणार हाउसकीपिंगच्या मावशी. पैसे सोसायटीच्या खात्यातून जाणार. निर्णय कमिटीचा, आणि रक्कम मोठी असेल तर सर्वसाधारण सभेचा. प्रत्येकाला हवं ते वेगवेगळं. मावशींना वास आणि जास्तीचं काम नको, सेक्रेटरींना महापालिकेच्या नोटिशीपासून सुटका आणि मिळकत करातली सवलत हवी, रहिवाशांना मेंटेनन्स वाढायला नको. विद्यार्थी बहुतेक वेळा पर्यावरणावरच बोलतात आणि सभेत त्यावर सगळे माना डोलावतात. मग ठराव पुढच्या सभेपर्यंत लांबतो.

पुण्यातली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. 2008 मध्ये तिचा पुणे महापालिकेशी करार झाला आणि कचरावेचक घरोघरी जाऊन कचरा घेऊ लागले. घरं त्याचं महिन्याचं शुल्क देतात. शुल्क देणाऱ्या घराला रोज सकाळी दारातला कचरा उचलला गेलेला हवा असतो. सुक्या मालाच्या विक्रीतून कचरावेचकाची मिळकत होते आणि शहराचा वाहतुकीचा बोजा कमी होतो. एकाच कामातून तिघांना तीन निरनिराळे फायदे आणि तिन्ही खरे. तुमच्या कल्पनेतले असे सगळे लोक एका कागदावर मांडा आणि प्रत्येकापुढे त्याला काय मिळतं ते त्याच्या भाषेत लिहा. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही, तो बहुधा तुमचं काम अडवणार आहे.

कारखान्यांना माल किंवा सेवा द्यायची असेल तर पैसे कधी मिळतील हा प्रश्न दराइतकाच मोठा. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादक व सेवा देणाऱ्यांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असा 2006 च्या कायद्याचा नियम आहे. व्यवहारात तीन-तीन महिने लागतात. त्या तीन महिन्यांचा कच्चा माल कुठून आणणार, हे आधीच ठरवा.

बाजार खालून मोजा

‘भारतात इतके कोटी विद्यार्थी आहेत, त्यातले एक टक्का जरी आले’ हे वाक्य सादरीकरणातून काढून टाका. एक टक्का आपोआप कधीच येत नाही.

गल्ल्या मोजा. रविवारी रात्री मेस बंद असते, म्हणून अभ्यासिकेतल्या मुलांना त्या रात्रीचा डबा विकायचा, हे उदाहरण घेऊ. चालत पोचता येईल एवढ्या भागात समजा 10 अभ्यासिका आहेत आणि प्रत्येकीत सरासरी 60 खुर्च्या. झाले 600. रविवारी रात्री आठला प्रत्यक्ष जाऊन डोकी मोजली तर एक तृतीयांश बसलेले दिसले, म्हणजे 200. त्यातल्या चौघांत एकाने डबा घेतला तर 50. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. तुमचे तुम्ही तिथे उभं राहून मिळवा. रविवारी 50 डबे ही संख्या लहान दिसते, पण ती कुठून आली हे तुम्हाला बोट दाखवून सांगता येतं. कोटींच्या आकड्याबाबत ते जमत नाही.

पहिला प्रयोग: अ‍ॅप नको, डबा विका

ज्या गोष्टीची खात्री नाही तीच तपासायची. अ‍ॅप बनवता येतं याबद्दल कुणाला शंका नाही. मुलं रविवारी रात्री पैसे देऊन डबा घेतील का, एवढीच शंका आहे. मग एका रविवारी डबा विकून बघा.

स्वयंपाक स्वतः करू नका. जवळच्या पोळी-भाजी केंद्रातल्या काकूंना विचारा. बऱ्याचजणी 40-50 डब्यांची ऑर्डर आगाऊ सांगितली तर घेतात. मसालेभात-कढी किंवा पोळी-भाजी-वरण, एकच पदार्थसंच. निवड ठेवलीत की उरणारं अन्न वाढतं. एका चिठ्ठीवर दर, वेळ आणि पैसे भरायचा क्यूआर कोड. अभ्यासिकेच्या मालकांची परवानगी घेऊनच चिठ्ठी लावा.

आता हिशेब बघा. डब्याचा दर 80 रुपये. काकूंना 45, पॅकिंगचे 6, म्हणजे डब्यामागे 51. पेट्रोल आणि किरकोळ मिळून 150. अंदाजाने 50 डबे करून घेतले आणि 42 खपले.

खर्च: 50 × 51 = 2550, अधिक 150, एकूण 2700.
विक्री: 42 × 80 = 3360.
उरले 660.

तेच जर शुक्रवार-शनिवारी आगाऊ पैसे घेऊन मोजून 42 डबे सांगितले असते, तर खर्च 2292 झाला असता आणि 1068 उरले असते. आठ उरलेल्या डब्यांनी 408 रुपये खाल्ले. म्हणून आगाऊ पैसे. आणि आगाऊ पैसे घेण्याचं याहून मोठं कारण असं, की ज्याने आज 80 रुपये पाठवले त्याची गरज खरी आहे. ‘नक्की घेतो, माझं नाव लिहून ठेवा’ म्हणणाऱ्यांचा आकडा वेगळ्या रकान्यात ठेवा आणि निर्णय घेताना तो बाजूला ठेवा.

अजून एक रकाना बहुतेक जण सोडून देतात. तिघांनी मिळून पाच-पाच तास दिले तर झाले 15 तास. 660 रुपयांना भागले तर तासाला 44. शिकण्यासाठी ठीक आहे, पोट भरण्यासाठी नाही. हा आकडा पहिल्या दिवसापासून डोळ्यासमोर ठेवा, नाहीतर तुमची फुकटची मेहनत व्यवसायाला नफ्यात असल्याचा भास देत राहील.

घरचे, वर्गमित्र, आत्या-मावशी यांनी घेतलेले डबे मोजणीत धरू नका. आणि एका रविवारावरून काही ठरवू नका. दुसऱ्या, तिसऱ्या रविवारी तीच मुलं पुन्हा येतात का ते बघा. पहिला डबा कुतूहलापोटी जातो. तिसरा गेला तर गरज आहे. जो परत आला नाही त्याला आवर्जून गाठा. “दादा, मागच्या रविवारी डबा घेतला होतात, या वेळी नाही घेतलात. काय केलंत मग?” इथेही त्याने काय केलं तेच विचारा, तुमचं काय चुकलं ते नको. उत्तर आपसूक निघतं.

दर

मुलांची पहिली उडी असते ती दर कमी करण्याकडे. थांबा. ज्याला 80 जास्त वाटतात त्याची आजची सोय कितीची आहे? भुर्जी-पावाला तितकेच जातात आणि वर तास-दीड तास. मग ज्या गोष्टीसाठी तो पैसे देतोय ती जेवण आहे की तास? आमच्या गटाला लोकांच्या बोलण्यातून जे दिसलं ते असं, की परीक्षा जवळ आलेल्या मुलांना अभ्यासिकेच्या दारात, ठरल्या वेळी डबा येणं सगळ्यात जास्त मोलाचं वाटतं. त्यांना साडेआठ म्हणजे साडेआठ हवं असतं. भाजी कुठली याने फरक पडत नाही. तेव्हा पैसे आणि डोकं वेळ पाळण्यावर लावायचं. दोन रविवार वेगवेगळा दर ठेवून बघायला हरकत नाही, मात्र एकाच दिवशी दोघांना दोन दर सांगू नका. पेठेत अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते.

पुढे जायचं की सोडायचं

तीन-चार आठवड्यांनी वही घेऊन बसा. परत येणारी गिऱ्हाइकं वाढतायत का, तुम्ही न सांगता कुणी कुणाला घेऊन आलं का, आणि तासाचा आकडा वर जातोय का. तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील तर सोडा. त्याच माणसाची दुसरी अडचण घ्या; वहीत ती आहेच. माणूस ओळखीचा झालेला असतो, ती कमाई वाया जात नाही. गट मोडू नका, नाव-लोगोच्या प्रेमात मात्र अडकू नका.

कागदपत्रं, थोडक्यात

खाण्याचे पदार्थ असतील तर अन्नसुरक्षेची एफएसएसएआय नोंदणी आधी करा. छोट्या व्यवसायासाठी ती ऑनलाइन आणि कमी शुल्कात होते. ज्यांच्याकडून अन्न घेता त्यांच्याकडेही ती आहे का ते विचारा. कामगार थोडेच असतील तर 2017 च्या महाराष्ट्र दुकाने आणि आस्थापना कायद्यानुसार नुसती ऑनलाइन सूचना पुरते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. जीएसटीची मर्यादा सर्वसाधारणपणे वस्तूंसाठी वर्षाला 40 लाख आणि सेवांसाठी 20 लाख रुपयांची उलाढाल, पण परराज्यात माल पाठवणार असाल किंवा ऑनलाइन बाजारपेठांवरून विकणार असाल तर आधी एखाद्या कर सल्लागाराला भेटा.

पुण्यात कुणाकडे जायचं

विज्ञान, औषध, रसायन यांतली कल्पना असेल तर पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातलं, नव्या उद्योगांना मदत करणारं व्हेंचर सेंटर. इंजिनिअरिंगची असेल तर सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठाची, असंच काम करणारी भाऊ इन्स्टिट्यूट. कारखानदारांशी गाठ घालून हवी असेल तर 1934 पासून काम करणारं मराठा चेंबर, म्हणजे उद्योजक-व्यापाऱ्यांची संघटना; त्यांच्या कार्यक्रमांत असे लोक भेटतात ज्यांच्या केबिनपर्यंत एरवी पोचायला महिने लागतात. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातल्या अनुदानासाठी जिल्हा उद्योग केंद्र. तुमच्या कॉलेजचा कक्ष पहिला, कारण तिथल्या सरांना तुमचं नाव माहीत असतं आणि शिफारसपत्र तिथूनच मिळतं.

यांपैकी कुठेही जाताना सादरीकरण मागे ठेवलंत तरी चालेल. मुलाखतींची वही, आगाऊ पैसे दिलेल्यांची यादी आणि दर रविवारच्या हिशेबाचं पान एवढं न्या. समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारेल, ‘आत्तापर्यंत किती जणांनी पैसे दिले?’ त्याचं उत्तर त्या यादीत असेल. दुसरा प्रश्न बहुधा ‘परत किती आले?’ हा असतो. त्यासाठी यादीत नावापुढे तारखांचा रकाना आजच आखून ठेवा.